आयत्या वेळचे विषय

सहा महिन्यांचं कंत्राट, अठ्ठावीस खोकी,
आणि एक टेबलपंखा, जो फक्त भिंतीकडे वळतो.
उद्योग व कलाकुसर संवर्धक मंडळ, इल नदीकाठ.
मंडळ संपलं, कागद संपत नाहीत.
मी यादी करते. वाचायचे पैसे मिळत नाहीत,
तरी वाचते.

इतिवृत्त, खंड चौथा. चिटणीस तेओफिल वाइसगर्बर
दोनशे चाळिसाव्या पानापर्यंत फ्रेंच लिहितो,
दोनशे एक्केचाळिसाव्यावर जर्मन.
मधे एक युद्ध होऊन गेलेलं असतं.
अक्षर तेच, ओळी तितक्याच तिरक्या,
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे,
शाईच्या खर्चास मंजुरी.

खोकं एकोणीस त्याच्याही आधीचं.
स्पर्धा: मंजिष्ठेपासून असा लाल काढा
जो उन्हाला दाद देणार नाही.
नाव लिहायचं नाही. नमुन्यावर फक्त बोधवाक्य,
नाव बंद लिफाफ्यात, वर तेच बोधवाक्य.
जिंकेल त्याचा लिफाफा सभेत उघडायचा,
बाकीचे न उघडता शेगडीत.
हरलेल्यांची अब्रू राहावी म्हणून. मला हा नियम आवडला.

दक्षिणेच्या खिडकीत सहा आठवडे
अकरा चिंध्या वाळत होत्या, अर्ध्यावर पत्रा झाकून.
पदक आशिल बर्नहार्ट यांस. तीन धुरांडी, दोन घोडागाड्या.
टाळ्या.
नऊ लिफाफे जाळले, असं लिहिलंय.
एक आणि नऊ.
सूचकानं सुचवलं, अनुमोदकानं अनुमोदन दिलं,
बेरीज कुणी केली नाही.

दहावा मला सापडला, नमुना सातच्या पुठ्ठ्यामागे,
मेण शाबूत.
इतरांची बोधवाक्यं लॅटिन: श्रम, कीर्ती, प्रकाश.
याच्यावर बाजारातल्या बोलीत, वाकड्या अक्षरांत:
धुवून बघा.

परीक्षकांचा शेरा: रंग उत्तम. कृती अस्वच्छ.
शेण, खवट तेल, मेंढीचं रक्त. शुद्धलेखन सदोष.

पदकाची चिंधी आज पातळ चहासारखी.
सात नंबर
आत्ताच चेरी खाल्लेल्या जिभेसारखा.

मी लिफाफा दिव्यासमोर धरला.
आत दोन शब्दांची सावली, पहिला आखूड.
बाई असेल. की मलाच ती बाई हवी आहे?
वरिष्ठ, मादाम श्नेबेलें, फोनवर म्हणाल्या,
लांबी-रुंदी लिही, उघडू नकोस, आणि जेवलीस का?

पण नियम म्हणतो, जिंकेल त्याचा उघडायचा.
आणि सहा आठवडे केव्हाच होऊन गेले, मादाम.
ऊन काही निकालानंतर थांबलं नाही.
मी सभा बोलावते. गणसंख्या: एक.
सूचक: ओदिल हेर्त्झोग.
अनुमोदक:

जेवदेत आला, रात्रपाळीचा, किल्ल्यांचा जुडगा वाजवत.
त्याचे वडील इथल्याच शेवटच्या रंगशाळेत होते,
नखं मरेपर्यंत निळी.
त्यानं चष्मा लावला, बोधवाक्य दोनदा वाचायला लावलं,
मग म्हणाला,
पण यात धुवून बघा लिहिलंय.
उघडून बघा कुठं लिहिलंय?

तो फेरी मारायला गेला.
मी बराच वेळ बसून राहिले.
नंतर चिमट्यानं नमुना सातच्या कडेचा
सुटलेला एक धागा ओढला
(नोकरी जाईल इतका गुन्हा आहे हा),
कॉफीच्या कपात कोमट पाणी घेतलं,
हात धुवायच्या साबणाचा तुकडा.
चोळला. पिळला. पुन्हा चोळला.

कपाचा तळ दिसत होता, त्यावरची छोटी चीरसुद्धा.

यादीत लिहिलं:
खोकं १९. लिफाफा, एक. बंद.
नमुना ७. स्थिती उत्तम, एक धागा कमी.
कारण या रकान्यात काही लिहिलं नाही.
धागा अजून वाळतोय, पंख्याच्या जाळीवर,
भिंतीकडे तोंड करून.